चांगदेवाचे वय

दीर्घायुष्याची जी कथा मराठी वाचकाला सर्वांत आधी भेटते ती चांगदेवाची. तापी-पूर्णेच्या संगमाजवळ राहणारा हा योगी योगबळाने मृत्यूला चुकवत चौदाशे वर्षे जगला, असे परंपरा सांगते. ज्ञानदेवांची कीर्ती कानी आल्यावर त्याने पत्र लिहायला घेतले आणि मायन्यापाशीच तो अडला. वयाने लहान म्हणून ‘चिरंजीव’ लिहावे, तर समोरच्याचा अधिकार मोठा. ‘तीर्थरूप’ लिहावे, तर तो मुलगा आपल्यापुढे काल जन्मलेला. शेवटी त्याने कोरा कागदच पाठवला. चौदाशे वर्षे तप करूनही हा कोराच राहिला, असे तो कागद पाहून मुक्ताबाई म्हणाली, आणि ज्ञानदेवांनी त्याला जे उत्तर पाठवले ते ‘चांगदेव पासष्टी’ म्हणून आपण वाचतो. महिपतीच्या १७६२ सालच्या ‘भक्तविजया’मुळे ही कथा घराघरांत गेली. पुढे वाघावर बसून आलेल्या या वृद्धाने जिचे शिष्यत्व पत्करले ती मुक्ताबाई तेव्हा एक कोवळी मुलगी होती.

या कथेची आठवण आज होण्याचे कारण वेगळे आहे. ध्यानाने माणसाचे ‘जैविक वय’ कमी होते का, हा प्रश्न गेली काही वर्षे विज्ञानाच्या नियतकालिकांत गंभीरपणे विचारला जात आहे आणि तेथून तो वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत उतरला आहे. जैविक वय म्हणजे जन्मतारखेवरून काढलेले वय नव्हे. शरीर प्रत्यक्षात किती झिजले आहे याचे काही खुणांवरून बांधलेले अनुमान. दोन माणसे एकाच वर्षी जन्मली तरी एकाच वेगाने म्हातारी होत नाहीत, हे आपण सर्वच पाहतो. हा वेग मोजता येतो काय, आणि मोजता आला तर स्वस्थ बसून, श्वासाकडे किंवा मंत्राकडे लक्ष लावून तो कमी करता येतो काय, असे हे दोन प्रश्न आहेत. सामान्य चर्चेत ते एकमेकांत मिसळून जातात.

साहित्याच्या अभ्यासकाने या वादात लक्ष घालण्याचे कारण असे की, यात साक्षीदार म्हणून आपलेच ग्रंथ उभे केले जातात. ‘आपल्या संतांना हे सातशे वर्षांपूर्वीच ठाऊक होते’ हे वाक्य वर्गात, व्याख्यानांत, प्रस्तावनांत वारंवार कानी पडते. त्या साक्षीचे मोल ठरवायचे तर हा दावा कोणी, केव्हा आणि कोणत्या भाषेत केला याचा इतिहास पाहावा लागतो. प्रस्तुत लेखात त्याची रूपरेषा मांडण्याचा प्रयत्न आहे.

ग्रंथांची साक्ष

आरंभ ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायापासून करणे सोयीचे आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात ध्यानाची कृती मोजक्या शब्दांत सांगितली आहे: स्वच्छ जागा, स्थिर आसन, पाठ-मान-मस्तक सरळ, मन एकाग्र. शरीर तरुण होण्याविषयी तेथे अक्षर नाही. शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, याच श्लोकांवर भाष्य करताना ज्ञानदेव मात्र कुंडलिनीच्या जागृतीचे विस्तृत वर्णन करतात. त्या वर्णनात योग्याचे जुने शरीर जणू गळून पडते. नखे नवी येतात, दात नवे येतात, कांती पालटते, वार्धक्य मागे फिरते आणि बाल्य पुन्हा उघडे होते. हे मर्म नाथपंथाच्या संकेतातले आहे, श्रीकृष्णांनी त्याचा केवळ निर्देश केला होता, असे ज्ञानदेव स्वतःच नोंदवतात. म्हणजे हा मजकूर गीतेचा नव्हे, नाथपरंपरेचा आहे, हे भाष्यकाराने लपवलेले नाही.

नाथपरंपरेत हे वर्णन निव्वळ अलंकार नव्हते. साधारण पंधराव्या शतकातल्या स्वात्मारामाच्या ‘हठयोगप्रदीपिके’त म्हातारपणाची चक्क एक उपपत्ती आहे. टाळूच्या वर असलेल्या चंद्रातून अमृत पाझरते. ते नाभीजवळचा सूर्य गिळून टाकतो. म्हणून शरीर जराग्रस्त होते. ही गळती थांबवण्यासाठी बंध आणि मुद्रा आहेत. मूलबंधाने वृद्धही तरुण होतो, विपरीतकरणीने सहा महिन्यांत सुरकुत्या आणि पिकलेले केस नाहीसे होतात, असे तेथे सांगितले आहे. वैज्ञानिक दृष्टीने ही उपपत्ती टिकत नाही हे उघड आहे. पण तिचा आकार ध्यानात घेण्यासारखा आहे: वार्धक्याचे एक कारण, त्यावर एक उपाय, आणि परिणाम दिसण्याची एक मुदत. दावा तपासता येईल अशाच भाषेत तो केलेला आहे.

परंतु याच परंपरेत दुसरा सूरही सतत ऐकू येतो. पतंजलीच्या विभूतिपादात शरीराला लाभणारे रूप, लावण्य, बल आणि वज्रासारखी दृढता यांची यादी आहे, आणि सिद्धी समाधीच्या मार्गातले अडथळे आहेत हा इशाराही त्याच पादात आहे. सहाव्या अध्यायात ज्या मार्गाला ज्ञानदेवांनी पंथराज म्हटले, त्याचेच कष्ट बाराव्या अध्यायात त्यांनी असे रंगवले आहेत की भक्तीची वाट वाचकाला आपोआप जवळची वाटावी. आणि बौद्ध परंपरेत, दीघनिकायातल्या महापरिनिब्बान सुत्तात, ऐंशी वर्षांचे बुद्ध आपल्या शरीराची तुलना वाद्या बांधून कसाबसा चालवलेल्या जुन्या गाड्याशी करतात. चित्ताच्या एका विशिष्ट समाधीत असतानाच या शरीराला आराम वाटतो, असे ते आनंदाला सांगतात. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध ध्यानीची ही साक्ष फारशी कोणी काढत नाही. ध्यानाने गाडा नवा होत नाही. त्याची खडखड काही वेळ शांत होते, एवढेच ती सांगते.

ग्रंथांची साक्ष, थोडक्यात, एकमुखी नाही. जी परंपरा वार्धक्य मागे फिरवण्याचे वचन देते, तीच त्या वचनाकडे संशयानेही पाहते. चांगदेवाची कथा हा त्या संशयाचाच कथारूप आविष्कार आहे. ज्ञानदेवांनी एकविसाव्या वर्षी, १२९६ मध्ये, आळंदीला समाधी घेतली. परंपरेनुसार मुक्ताबाई पुढच्याच वर्षी तापीच्या काठी विजेच्या कडकडाटात अंतर्धान पावली. सहाव्या अध्यायाचा कवी स्वतः दीर्घायुष्याच्या वाटेला गेला नाही, ही गोष्ट त्या अध्यायाचा अर्थ लावताना विसरता येत नाही.

लोणावळ्याची प्रयोगशाळा

या दाव्यांना प्रयोगशाळेत नेण्याचे पहिले पद्धतशीर काम महाराष्ट्रातच झाले. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद (१८८३–१९६६), हे संस्कृतचे व्यासंगी. बडोद्याच्या माणिकरावांकडे त्यांनी व्यायामविद्या शिकली, नर्मदाकाठच्या मालसरला परमहंस माधवदासजींकडे योग शिकला आणि खानदेशात अमळनेरला राष्ट्रीय शिक्षणाचे काम केले. चांगदेवाचे तीर्थ आणि गुण्यांचे अमळनेर हे दोन्ही आजच्या जळगाव जिल्ह्यात आहेत, हा एक योगायोग. १९२० च्या सुमारास बडोद्याच्या रुग्णालयात त्यांनी उड्डियान आणि नौली या क्रियांची क्ष-किरणांनी तपासणी केली. १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन झाले आणि त्याच वर्षी ‘योग मीमांसा’ हे त्रैमासिक सुरू झाले.

कुवलयानंदांच्या कामाची तऱ्हा पाहण्यासारखी आहे. नौली करताना मोठ्या आतड्यात हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो, हे त्यांनी दाबमापकाने दाखवले आणि त्या पोकळीला आपल्या गुरूंचे नाव दिले. श्रद्धा आणि मोजमाप यांत त्यांना विरोध दिसत नव्हता. पण मोजमापाने श्रद्धेला दुजोरा दिला नाही तेव्हाही त्यांनी ते मान्य केले, हे अधिक महत्त्वाचे. प्राणायामाने शरीराला भरपूर प्राणवायू मिळतो ही समजूत तेव्हा लोकप्रिय होती, आजही आहे. वायूंचे विश्लेषण केल्यावर त्यांना तसे आढळले नाही. प्राणायामाचे मोल प्राणवायूत शोधण्याऐवजी मज्जासंस्थेवरील परिणामांत शोधावे, अशी भूमिका त्यांनी घेतली. जो मनुष्य आयुष्यभर योगाचा पुरस्कर्ता होता त्याने योगाच्या बाजूचा एक लाडका युक्तिवाद स्वतःच्या नियतकालिकात सोडून द्यावा, हा आपल्या बौद्धिक इतिहासातला एक लक्षणीय प्रसंग आहे. त्याची आठवण फारशी ठेवली गेली नाही.

पुढच्या पिढीत बाहेरचे शास्त्रज्ञ आले. फ्रान्सच्या हृदयरोगतज्ज्ञ तेरेझ ब्रॉस १९३५ मध्ये हृदयाचे आलेख घेण्याचे यंत्र घेऊन भारतात आल्या. योगी हृदय जवळजवळ थांबवू शकतो असे त्यांच्या नोंदींवरून वाटले. १९५७ मध्ये अमेरिकेतून वेंगर आणि बागची आले. दिल्लीच्या बी. के. आनंद यांच्यासह त्यांनी १९६१ मध्ये जो निबंध प्रसिद्ध केला त्यात गूढ उकलले: हृदय थांबत नव्हते. श्वास रोखून छाती आणि पोटाचे स्नायू आवळले की हृदयाकडे परतणारे रक्त घटते, नाडी हाताला लागेनाशी होते आणि ठोके नळीतून ऐकू येईनासे होतात. विद्युत्-आलेख मात्र चालूच राहतो. त्याच वर्षी आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हवाबंद पेटीत बसलेल्या एका योग्याच्या शरीराची प्राणवायूची गरज बरीच खाली गेल्याचे नोंदवले. एक चमत्कार गेला, पण त्याच्या जागी एक साधे आणि खरे निरीक्षण आले: बसलेले, शांत झालेले शरीर कमी खर्चात चालते.

अमेरिकेतील आकडे

या निरीक्षणावरच अमेरिकेतील संशोधन उभे राहिले. महर्षी महेश योगींच्या भावातीत ध्यानाचे साधक असलेले रॉबर्ट कीथ वॉलेस यांचा निबंध १९७० मध्ये ‘सायन्स’मध्ये आला. ध्यानाच्या वेळी प्राणवायूचा वापर घटतो, त्वचेचा विद्युत्-रोध वाढतो, असे त्यात मांडले होते. हार्वर्डचे हर्बर्ट बेन्सन काही काळ त्यांचे सहकारी होते. १९७५ च्या आपल्या पुस्तकात बेन्सन यांनी वेगळी वाट धरली. हा परिणाम कोणत्याही एका मंत्राचा नसून विश्रांतीची जी एक सर्वसाधारण शारीरिक प्रतिक्रिया आहे तिचा आहे, असे त्यांचे म्हणणे. जपमाळ, प्रार्थना, श्वासाकडे लक्ष, कोणत्याही मार्गाने ती साधते.

वार्धक्याचा प्रश्न थेट विचारला गेला तो १९८२ मध्ये. वॉलेस आणि सहकाऱ्यांनी रक्तदाब, जवळचे पाहण्याची क्षमता आणि श्रवणशक्ती या तीन खुणांवरून जैविक वय काढले. ध्यान न करणाऱ्यांचे जैविक वय त्यांच्या खऱ्या वयापेक्षा सरासरी २.२ वर्षांनी, अलीकडे ध्यान सुरू केलेल्यांचे ५ वर्षांनी, तर पाच वर्षांहून अधिक काळ करणाऱ्यांचे १२ वर्षांनी कमी भरले. बारा वर्षांचा हा आकडा पुढे फार फिरला. ज्या प्रश्नाने त्याला थांबवायला हवे होते तो साधाच आहे: पाच-पाच वर्षे नेमाने ध्यान करणारी माणसे मुळातच वेगळी नसतात काय? जे धूम्रपान करत नाहीत, जे वेळेवर झोपतात, ज्यांना दिवसातून दोनदा वीस मिनिटे स्वस्थ बसण्याइतकी उसंत आहे, तेच या गटात पोचतात. शिवाय ज्यांची तब्येत ढासळली ते मधेच सोडून गेले असतील. वॉलेस हे महर्षींच्या विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष होते, ही गोष्टही वाचकाने जवळ ठेवावी. निष्कर्ष खोटा ठरवण्यासाठी ती पुरेशी नाही. पण साक्षीदार आणि पक्षकार एकच असला की न्यायाधीश अधिक सावध होतो.

१९८९ चा अभ्यास रचनेने अधिक चांगला होता. आठ वृद्धाश्रमांतील ७३ रहिवाशांना, ज्यांचे सरासरी वय ८१ होते, चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे वेगवेगळ्या गटांत वाटले. तीन वर्षांनी भावातीत ध्यानाच्या गटातील सर्वजण हयात होते, सजगतेचा वेगळा अभ्यास करणाऱ्या गटात ८७.५ टक्के, आणि इतर गटांत त्याहून कमी. अभ्यास उत्सुकता वाढवणारा आहे यात शंका नाही. पण चार-पाच गटांत विभागलेली ७३ माणसे म्हणजे एकेका गटात फार थोडी माणसे. एक-दोन मृत्यू इकडचे तिकडे झाले तरी टक्केवारी डोलते.

दरम्यान ध्यानाची दुसरी शाखा पश्चिमेला पोचली होती. १९७१ च्या सुमारास बोधगयेला सत्यनारायण गोएंका यांच्या विपश्यना शिबिरांत बसलेले काही तरुण अमेरिकन परत जाऊन शिक्षक झाले. गोएंकांचे मुख्य केंद्र पुढे आपल्याकडे इगतपुरीला उभे राहिले. १९७९ मध्ये जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्समधील रुग्णालयात आठ आठवड्यांचा सजगतेचा पाठ्यक्रम सुरू केला आणि त्यातून धर्माची परिभाषा काढून टाकली. संशोधकांना हवे असते तसे, ठरावीक मुदतीचे आणि कोठेही सारखेच देता येणारे ‘ध्यान’ त्यामुळे उपलब्ध झाले.

गुणसूत्रांच्या टोकापाशी

एकविसाव्या शतकात प्रश्नाची भाषाच बदलली. गुणसूत्रांच्या टोकाला ‘टेलोमिअर’ नावाचे एक संरक्षक आवरण असते. बुटाच्या नाडीच्या टोकावरील वेष्टनाशी त्याची तुलना नेहमी केली जाते. पेशी विभागताना ते थोडे थोडे झिजते. ‘टेलोमरेज’ हे विकर ती झीज भरून काढते. या शोधासाठी एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरॉल ग्रायडर आणि जॅक शोस्टाक यांना २००९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. स्वात्मारामाच्या चंद्रातून पाझरणाऱ्या आणि सूर्याने गिळलेल्या अमृताची येथे आठवण व्हावी हे साहजिक आहे. गळती, झीज आणि ती रोखणारे द्रव्य, हा आकार सारखाच दिसतो. पण साम्य तेथेच संपते. एक प्रतिमा साधकाच्या अनुभवातून आली आहे, दुसरी सूक्ष्मजीवांवरील प्रयोगांतून. आकार सारखा म्हणून अर्थही सारखा, असे मानणे ही वाङ्मयीन चूकही आहे आणि वैज्ञानिकही.

२००४ मध्ये एलिसा एपेल, ब्लॅकबर्न आणि सहकाऱ्यांनी ५८ मातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी ३९ जणी दीर्घकाळ आजारी असलेल्या मुलांची शुश्रूषा करणाऱ्या होत्या. ज्यांना सर्वाधिक ताण जाणवत होता त्यांचे टेलोमिअर सर्वांत कमी ताण असलेल्यांच्या तुलनेत निदान दहा वर्षांच्या वार्धक्याइतके आखूड होते. मन आणि पेशी यांच्यामधला दुवा प्रथमच इतक्या ठसठशीतपणे दिसला. ताणाने झीज होत असेल तर ताण कमी केल्याने ती थांबेल, असा पुढचा विचार स्वाभाविक होता. २०११ मध्ये कोलोरॅडोच्या डोंगरात तीन महिने निवासी ध्यान करणाऱ्या ३० जणांची तुलना प्रतीक्षायादीतल्या ३० जणांशी केली गेली. शिबिराच्या शेवटी ध्यान करणाऱ्यांत टेलोमरेजची क्रियाशीलता अधिक आढळली. बातम्यांत ‘ध्यानाने वय घटते’ असे आले. प्रत्यक्षात टेलोमरेज शिबिराच्या शेवटीच मोजले होते, आरंभी नव्हे. आणि टेलोमिअरची लांबी मोजलीच नव्हती.

त्यानंतर नवी घड्याळे आली. २०१३ मध्ये स्टीव्ह होर्वाथ यांनी डीएनएवरील ३५३ ठिकाणच्या रासायनिक खुणांवरून वय काढण्याची रीत मांडली. ती वापरून २०१७ मध्ये १८ दीर्घकालीन साधकांची २० सामान्य व्यक्तींशी तुलना झाली. दोन्ही गटांच्या एकंदर सरासरीत फरक आढळला नाही. मात्र बावन्न वर्षांपुढील सामान्य व्यक्तींत घड्याळ वेगाने धावताना दिसले, साधकांत तसे दिसले नाही. २०१६ च्या एका अभ्यासात पन्नाशीतल्या साधकांचे मेंदू, चित्रणावरून काढलेल्या अंदाजानुसार, साडेसात वर्षांनी तरुण भरले. हे दोन्ही अभ्यास पुन्हा एकाच क्षणी घेतलेल्या छायाचित्रांसारखे आहेत. साधक ध्यानामुळे असे झाले की असे होते म्हणून साधक झाले, हे छायाचित्र सांगू शकत नाही.

ते सांगण्यासाठी लागणारा प्रयोग फ्रान्समध्ये काँ येथे झाला आणि त्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. पासष्टीपुढच्या १३७ निरोगी व्यक्तींचे तीन गट केले. एकाने अठरा महिने ध्यान शिकले, दुसऱ्याने अठरा महिने इंग्रजी भाषा शिकली, तिसऱ्याने काहीच नवे केले नाही. मेंदूच्या ज्या दोन भागांवर परिणाम अपेक्षित होता त्यांच्या आकारमानात किंवा रक्तपुरवठ्यात लक्षणीय फरक पडला नाही. मात्र लक्ष, भावनांचे नियमन आणि आत्मज्ञान यांच्या एकत्रित मापनात ध्यानाचा गट भाषा शिकणाऱ्यांपेक्षा सरस ठरला. ध्यानाने मेंदू तरुण झाल्याचे अठरा महिन्यांत दिसले नाही. माणूस आपल्याशी आणि इतरांशी अधिक बरा वागू लागल्याचे दिसले. महापरिनिब्बान सुत्तातल्या जुन्या गाड्याशी हा निष्कर्ष अधिक जुळतो.

हिशेब

शंभर वर्षांच्या या इतिहासातून काही गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, तारुण्याची खूण प्रत्येक युगात बदलत गेली. स्वात्मारामाला केस आणि सुरकुत्या दिसत होत्या, १९८२ मध्ये रक्तदाब आणि कान, आज गुणसूत्राचे टोक. दर वेळी मोजले गेले ते वार्धक्य नव्हे, वार्धक्याची एक खूण. दुसरी, दावा जितका मोठा तितका त्याचा पुरावा दुबळा, आणि प्रयोग जितका काटेकोर तितका परिणाम लहान होत गेला. तिसरी, तरीही काही शिल्लक राहतेच. ध्यानाने चिंता, खिन्नता आणि वेदना अल्प ते मध्यम प्रमाणात हलक्या होतात, असे २०१४ मध्ये ४७ चाचण्यांच्या एकत्रित परीक्षणातून दिसले. दीर्घकालीन ताण शरीराला झिजवतो, हेही आता नाकारता येत नाही. यांतून ध्यानाचा वार्धक्याशी संबंध असणे शक्य आहे. शक्य म्हणजे सिद्ध नव्हे.

चौथी गोष्ट आकड्यांपलीकडची आहे. २००४ च्या अभ्यासातल्या त्या मातांकडे पुन्हा पाहिले पाहिजे. आजारी मुलाची रात्रंदिवस सेवा करणाऱ्या बाईच्या पेशी झिजतात, हे कळल्यावर समाजाने तिला काय द्यावे? वाटून घेणारा हात, परवडणारे उपचार, रात्रीची झोप, की ध्यानाचा पाठ्यक्रम? ध्यान वाईट आहे असे नव्हे. पण झीज सामाजिक कारणांनी झाली असता तिची दुरुस्ती एकट्या व्यक्तीच्या श्वासावर सोपवणे यात एक सोयीस्कर अन्याय आहे. म्हातारपण हे मग वैयक्तिक अपयश ठरू लागते. ज्याने पुरेसे ध्यान केले नाही तो म्हातारा झाला, असा त्याचा अर्थ निघतो. आपल्या वृद्ध आईवडिलांकडे या नजरेने पाहणारा समाज निरोगी म्हणता येणार नाही.

चांगदेवाच्या कथेचे महत्त्व येथे आहे. आयुष्य लांबवता येते काय, हा प्रश्न ती विचारत नाही. ते लांबले असे ती सरळ गृहीत धरते. मायना लिहिण्याच्या एका लहानशा प्रसंगातून ती दाखवते की चौदाशे वर्षांनी या माणसाला समोरच्या माणसाशी नाते कसे जोडावे एवढेही शिकवले नव्हते. लांबलेल्या आयुष्याचे करायचे काय, हा तिचा प्रश्न आहे आणि तो कोणत्याही घड्याळाने सुटणारा नाही.

सहावा अध्याय शिकवणाऱ्यांसमोर मग दोन सोप्या वाटा उरतात आणि दोन्ही टाळण्यासारख्या आहेत. ‘हे तर टेलोमरेजच’ म्हणणे ही एक. त्यात कवितेला विज्ञानाच्या प्रमाणपत्राची गरज आहे असे आपण कबूल करतो, आणि उद्या विज्ञानाने मत बदलले की कविता उघडी पडते. ‘हे सारे रूपक आहे’ म्हणून मोकळे होणे ही दुसरी. त्यात नाथांच्या शरीरनिष्ठ साधनेला, तिच्या मुदतींना आणि वचनांना आपण बगल देतो. तिसरी वाट कुवलयानंदांनी आखून दिली आहे: ग्रंथ काय म्हणतो ते नेमके वाचावे, जे मोजता येते ते मोजावे, मोजमाप प्रतिकूल निघाले तर तसे छापावे आणि जे मोजता येत नाही त्याला मोजल्याचा आव आणू नये. त्या अध्यायातल्या नव्या नखांचे आणि नव्या दातांचे वर्णन विद्यार्थ्यांना वाचून दाखवल्यावर, त्याच हाताने त्यांच्यापुढे बारावा अध्याय आणि पासष्टीही ठेवावी. एका कवीने शरीराच्या नव्या पालवीवर इतके प्रेम करावे आणि तरीही एकविसाव्या वर्षी ते शरीर सहज खाली ठेवावे, याचा मेळ कसा घालायचा, हे त्यांना विचारावे. उत्तर एकच असणार नाही, आणि असण्याची गरजही नाही.